मागं कोण हाय?

"मागं कोण हाय?"

गाडी रिव्हर्सला टाकण्याआधी ती हे विचारायचीच. मैदान मोकळं असो, मागे चिटपाखरू नसो, ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकायची, मान वळवायची आणि विचारायची. कोणीतरी "मी हाय" म्हणेपर्यंत गाडी वीतभरही मागे सरकायची नाही. मागे कोणीच नसेल तर गाडीतल्याच एकीला उतरवून उभं करायची. ती एक बहुतेक वेळा मीच असायचे. मी गाडीच्या आत असण्यापेक्षा बाहेर असण्यात माझा, गाडीचा आणि एकूण जालना शहराचा फायदा आहे, हे तिला लवकरच कळलं होतं.

ती आमच्या कॉलनीच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि जुन्या जालन्यातल्या एका ड्रायव्हिंग क्लासात बायकांची सकाळची तुकडी शिकवायची. आम्ही तिला 'मॅडम' म्हणायला गेलो तर तिनं हात जोडले. "मॅडम बँकेत असत्यात. मला उस्ताद म्हणा." उसाच्या ट्रॅक्टरवर, ट्रकवर जो शिकवतो त्याला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. अंगावर साडी, कपाळाला ठसठशीत टिकली, वेणीत गजरा, आणि हाक मारायची उस्ताद. सुरुवातीला जीभ अडखळली. मग इतकी सवय झाली की एकदा मी भाजीवाल्यालाच म्हणाले, "उस्ताद, मेथी कशी दिली?"

मी गाडी शिकायला गेले ती हौसेनं नव्हे. आमच्या दारात एक छोटी गाडी होती आणि उन्हाळ्यात तिच्या टपावर पापड चांगले वाळायचे. आमच्या यांना कमी दिसायला लागल्यापासून तिचा दुसरा काही उपयोग उरला नव्हता. मुलगी परगावी. तेव्हा यांनीच मला शिकवायचं मनावर घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात यांचा आवाज मला सगळ्या पट्ट्यांत ऐकून माहीत आहे असं मी समजत होते. पण गेटचा खांब जवळ आल्यावर ज्या आवाजात हे 'ब्रेक' म्हणाले, तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर आमच्यात काही दिवस फक्त जेवणाखाण्यापुरतं बोलणं होतं.

पहिल्या दिवशी मी तिच्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, तुम्हीही बघितलं असतं. उंच, रुंद खांदे, मोरपंखी साडी, आणि स्टिअरिंगवर ठेवलेले ते मोठे हात. नखांना लाल रंग, पण बोटांच्या पेरांत ऑइलच्या काळ्या रेघा, कितीही धुतल्या तरी न जाणाऱ्या. तिनं गाडी बंद केली, माझ्याकडे तोंड केलं आणि पदर सारखा करून बसली.

"बघून घ्या काकू, नीट. एकदाच. मंग नजर रस्त्यावर."

मी बघून घेतलं. मग नजर रस्त्यावर.

तिचा दुसरा नियम चपलांचा. गाडी अनवाणी शिकायची. "पायाला क्लच कळला पायजे. चपलीला कळून काय फायदा?" मी आज्ञाधारक बाई. दुसऱ्या दिवशी देवळात जाताना काढतात तशा चपला गाडीच्या दाराबाहेर नीट जोडीनं काढल्या, आत बसले आणि गाडी सुरू केली. जुन्या जालन्यातल्या मोंढ्यापर्यंत गेलो. उस्ताद म्हणाली, उतरा, चहा घेऊ. मी दार उघडून पाय खाली ठेवला आणि मग आठवलं. धान्याच्या पोत्यांमधून, हमालांच्या मधून, मी अनवाणी चहाच्या टपरीपर्यंत गेले. परत निघताना उस्तादनं स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे सारल्या आणि आपण अनवाणी चालली. त्या चपलांत माझे दोन्ही पाय एकीतच मावले असते.

उंचीचंच सांगायचं तर देव मला घडवत असताना पायांपर्यंत येता येता त्याची माती संपली असावी. सीटवर उशी घेतली की रस्ता दिसायचा, पण पाय क्लचला पुरायचा नाही. तीच उशी पाठीमागे घेतली की क्लच पुरायचा, पण रस्ता दिसायचा नाही. उस्ताद शांतपणे म्हणायची, "काकू, दोन्हीतलं एक काय ते ठरवा." शेवटी दोन उश्या घेतल्या, एक खाली, एक पाठीला. ब्रेक दाबला की दोन्ही दोन दिशांना निसटायच्या.

एकदा मी अशीच उश्यांशी झटापट करत असताना ती हसायला लागली. म्हणाली, "माझं बी असंच व्हतं." तिचे वडील उसाची वाहतूक करायचे. अंकुशनगरच्या पलीकडे त्यांचं खेडं, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, दर हंगामात कारखान्याला ऊस. घरातलं थोरलं पोर म्हणून वडिलांनी तिला लहानपणीच ट्रॅक्टरवर बसवलं. पाय क्लचला पुरेना. तर त्यांनी बाभळीचा एक ठोकळा तासला, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आणि तो क्लचच्या पायटीवर आवळून बांधला. "जवा तुझे पाय पुरतील तवा काढू," म्हणाले. पाय पुरले तरी काही दिवस तिनं तो काढू दिला नव्हता.

ट्रॅक्टर मागे घ्यायलाही त्यांनीच शिकवलं. मागच्या ट्रॉलीच्या शेपटापाशी काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसतच नाही. म्हणून कोणीतरी मागे उभं राहतं आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर थाप मारतं. एक थाप म्हणजे ये. दोन म्हणजे थांब. हंगामात यंत्राचा एवढा गोंगाट असतो की हाक ऐकू जात नाही, थाप जाते. "मागं ज्यो उभा राहातो ना काकू, ट्रॅक्टर त्योच चालवतो. आपण नुसतं स्टिअरिंग धरायचं." तिच्या मागे कायम वडील उभे असायचे.

आमच्या तुकडीत एक नवी सून होती, तोंडाची मोकळी. तिनं एकदा सरळच विचारलं, उस्ताद, आधीचं ते सगळं आता विसरून जावंसं वाटत असेल ना. आम्ही बाकीच्या काचेतून बाहेर बघायला लागलो. उस्तादला मात्र त्यात वावगं वाटलं नाही.

"इसरून कसं जमंल? मंग क्लच कोण दाबंल?"

थोडं पुढे गेल्यावर ती आपणहून म्हणाली, "बाईपण माझं म्या मिळवलं. डायव्हरी बाबांनी दिली. दोन्ही बी माझंच हाय. एक ठिवून दुसरं कामून टाकू?"

तिनं खरंच काही टाकलं नव्हतं. साडीचा पदर कमरेला खोचून ती टायर बदलायची आणि बदलून झाल्यावर आरशात बघून टिकली नीट करायची. माझ्या स्कूटरवर गॅसची टाकी तिनं एका दोरीनं अशी बांधून दिली होती की घरी आल्यावर ती सोडायला आम्हा दोघांना संध्याकाळ गेली. उसाच्या मोळ्यांची गाठ होती ती. एकदा आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर अडकला. पुढे भिंत, मागे विजेचा खांब, आणि टँकरवाला घामाघूम. ही दूध घेऊन चालली होती. दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, वर चढली, मागं कोण हाय म्हणाली. मी हाय, असं मी म्हणाले. टँकर माझ्याकडे असा आला जसा एखादा शिकलेला बैल गोठ्यात येतो. मला बाजूलाही सरकावं लागलं नाही. दूध परत घेताना ती म्हणाली, "साय फुटली बघा, तुमचा हात थरथरला."

आपल्या कौशल्याबद्दल तिला लाजबिज नव्हती. "जिल्ह्यात डबल ट्रॉली माझ्यासारखी मागं घेणारी दुसरी बाई दाखवा," म्हणायची, आणि लगेच, "बाप्या बी दाखवा." घर सोडल्यावर काही काळ ती संभाजीनगरला आपल्या लोकांच्या डेऱ्यावर राहिली होती. तिथल्या गुरूनं जीव लावला, पण टाळी काही शिकवता आली नाही. "स्टिअरिंग धरून धरून हात वाकले माझे. माझी टाळी बद् वाजायची. गुरू म्हणाली, बाई, तू आपली गाडीच चालव."

घर सोडल्याची गोष्ट तिनं एकदाच सांगितली, मोंढ्यातल्या त्याच टपरीवर. ती जे सांगायचं ते घरी सांगून मोकळी झाली तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. म्हणाले, माझं दिलेलं सगळं इथं ठेव अन् जा. तिनं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. मोबाइल ठेवला. मोटारसायकलची किल्ली ठेवली. चपला काढल्या. डांबरी सडकेपर्यंत अनवाणी गेली.

"स्टँडवर बसल्यावर ध्यानात आलं. हात तर घेऊनच आल्ते म्या."

आई चोरून फोन करायची. त्यातूनच कळायचं, धाकटा भाऊ आता ट्रॅक्टर चालवतो. वडील विहिरीच्या पायरीवरून पडले, डावा पाय कायमचा दुखावला, आता त्यांना क्लच दाबता येत नाही. तिचा विषय निघाला की ते उठून जातात. त्यांचं म्हणणं, त्यानं आमचं सगळं टाकलं, आता आमचा त्याचा काय संबंध.

"मला घर नको काकू, वाटणी नको. बाबांनी एकदा बघावं. त्यांनी दिलेलं म्या काय बी टाकलं न्हाई, येवढंच."

चहा निवून गेला होता. तिनं तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाली, "चला, जल्दी न्हाई, पण चला."

शिकवणीच्या शेवटी ती प्रत्येकीला एक लांबचा रस्ता चालवायला लावायची. कुठं जायचं ते आपण ठरवायचं. मी जांब समर्थ म्हणाले, कारण माझ्या हातून गाडी तिथपर्यंत जायची तर देवाचं नाव असलेलं बरं. थंडीचे दिवस, आमचीच गाडी, मी उश्यांवर, शेजारी उस्ताद, मागे हे. यांना तिनं निघतानाच बजावलं होतं, "काका, मागं बसणाऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई." यांनी जाताना तो नियम पाळला. अंबड गेलं, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा मागे पडल्या, मी दर्शन घेतलं, देवाला काय मागितलं ते सांगत नाही, पण त्यात परतीचा रस्ता होता.

परत येताना यांचा संयम सुटला. "आतल्या रस्त्यानं जवळ पडतं," असं हे म्हणाले. आणि आम्ही आतल्या रस्त्याला लागलो.

थोड्याच अंतरावर गाड्यांची रांग लागली. पुढे ओढ्यावर एक जुना पूल, अरुंद, कठडे नसलेला. पुलापलीकडे रस्ता पाइपसाठी आडवा खोदून ठेवलेला. आमच्यासारखाच जवळचा रस्ता धरून एक उसाचा ट्रॅक्टर, मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुलावर जाऊन खड्ड्यापुढे थांबला होता. पुढे जाता येईना. मागे घेताना मागची ट्रॉली वाकडी झाली आणि तिचं एक चाक पुलाच्या काठावर येऊन टेकलं. ट्रॉल्या सोडवाव्या तर मधली पिन ताणानं अडकलेली. ऊस पाण्याच्या बाजूला झुकला होता. आणखी हातभर चुकलं असतं तर ट्रॉली ओढ्यात गेली असती आणि जाताना ट्रॅक्टरला, वर बसलेल्या पोरालाही घेऊन गेली असती. लोक जमले होते. कोणी क्रेन आणायला गेलं होतं. बाकीचे सल्ले देत होते.

मी हँडब्रेक ओढला, न सांगता, बरोबर. शाबासकीसाठी शेजारी बघितलं तर उस्तादचं लक्ष नव्हतं. ती ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्याकडे बघत होती. त्यावर निळा मोर रंगवला होता, जुना, पिसारा अर्धा उडालेला.

"आमचा हाय," ती म्हणाली. "मोर म्या काढेल हाय."

वर बसलेला तो पोरगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आणि रस्त्याच्या कडेला दगडावर, डावा पाय लांब करून, हातात काठी घेऊन बसलेला, पांढऱ्या टोपीचा वाळकुडा माणूस म्हणजे वडील.

ती उतरली नाही. मला वाटलं आता ही धावेल. पण ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी म्हणाले, उस्ताद, जा ना. ती म्हणाली, "म्या गेले तर बाबा उठून जातील. अन् बाबा गेल्यावर मागं कोण?"

तेव्हा मागच्या सीटवरून आमचे हे म्हणाले, "मी उभा राहतो."

ज्यांना दिवसाढवळ्या गेटचा खांब दिसत नाही ते हे म्हणत होते. उस्तादनं मागे वळून यांच्याकडे बघितलं आणि तेवढ्यातही तिला हसू आलं. "राहू द्या काका," म्हणाली, आणि दार उघडून उतरली. मागोमाग आम्हीही उतरलो.

गर्दीतून ती चालत गेली तशी माणसं बाजूला झाली, जागा द्यावी म्हणून नव्हे, बघायला. कोणीतरी मागून म्हणालं, "टाळी वाजवून ट्रॉली मागं येती का रं?" दोघेचौघे हसले. तिनं त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. आधी खाली वाकून चाक बघितलं, पिन बघितली, पुढच्या खड्ड्यापर्यंत किती जागा आहे ते बघितलं. मग चपला काढल्या. भाऊ वरून तिच्याकडे बघत होता, मग वडिलांकडे. वडील जमिनीकडे. भाऊ उतरला आणि त्यानं जागा दिली.

पदर खोचून ती वर बसली. इंजिन सुरू होतंच. एवढा वेळ कोलाहल होता, तो कसा कोण जाणे, खाली बसला. तिनं मान वळवली.

"मागं कोण हाय?"

कोणी बोललं नाही. ट्रॉलीच्या मागे पुलाचं तोंड होतं, पलीकडे आमच्या गाड्यांची रांग. तिथे उभा राहणारा माणूस ट्रॉली घसरली तर सगळ्यात आधी सापडणार, हे लोकांना कळत होतं. आमचे हे एक पाऊल पुढे झाले. मी यांच्या सदऱ्याची बाही धरली.

ती तशीच बसून राहिली. पुन्हा विचारलं नाही. गिअर टाकला नाही. समोर बघत राहिली, हात स्टिअरिंगवर. मला तेव्हा कळलं की कोणी थाप मारली नाही तर ही संध्याकाळपर्यंत अशीच बसेल, पण ट्रॉली हलवणार नाही.

दगडावरचा माणूस उठला. काठी टेकत, डावा पाय ओढत, उसाच्या कडेकडेनं तो मागे गेला. ट्रॉलीच्या शेपटापाशी थांबला. काठी काखेत धरली. पत्र्यावर थाप पडली.

एक.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मला त्यातलं कळलं थोडं आणि दिसलं फार. आधी ती मागे आलीच नाही. वडिलांनी ये म्हटलं आणि ही वीतभर पुढे गेली, खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत. लोक ओरडले. वडील मात्र हलले नाहीत, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या वीतभरानं मधला ताण सुटला आणि वाकड्या ट्रॉलीचं तोंड सरळ झालं. मग ती मागे यायला लागली. तिनं आम्हाला सांगितलं होतं, एक ट्रॉली असली तर स्टिअरिंग उलटं फिरवायचं, दोन असल्या की उलट्याचं पुन्हा उलटं. पहिली ट्रॉली सासू अन् दुसरी सून, एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसती. त्या दिवशी तिनं दोघींची समजूत काढली. काठावरचं चाक काठावरून आत आलं. बोटभर, मग आणखी बोटभर. थाप पडायची, ट्रॉली यायची. दोन पडायच्या, ट्रॉली थांबायची. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. मधे एवढा ऊस होता.

मी आयुष्यात मोठमोठी देवळं बघितलीत, धबधबे बघितलेत, मुलीचा जन्म तर अगदी जवळून बघितला. पण त्या दुपारी उसाच्या त्या ढिगाकडे बघताना मला जे झालं, तसं फार थोड्या वेळा झालंय. माझे हात आपोआप जोडले गेले होते. शेजारी बघितलं तर टाळीवर विनोद करणाराही टोपी हातात घेऊन उभा होता.

मागची ट्रॉली पूल उतरली. पुढची उतरली. ट्रॅक्टर रुंद रस्त्यावर आला. दोन थापा पडल्या.

ती उतरली तेव्हा अनवाणी होती. तिच्या चपला पुलावरच राहिल्या होत्या. भाऊ पळत गेला, दोन्ही चपला हातात घेऊन आला आणि तिच्या पायांपुढे जोडीनं ठेवल्या. ती त्या चपलांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग घातल्या.

वडील अजून ट्रॉलीमागेच होते. पत्र्यावर तळवा तसाच टेकलेला. ती त्यांच्याकडे गेली नाही, त्यांनी बोलावलं नाही. ती आमच्याबरोबर गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "चला काकू. आता गाड्या माघारी वळतील. फर्स्ट टाका."

मी फर्स्ट टाकला, क्लच सोडला, पाठीची उशी निसटली, पाय निसटला आणि गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर शोभेल असं माझं निघणं झालं नाही. समोरच्या काचेतून मला तो पांढऱ्या टोपीचा माणूस दिसला. तो आमच्या गाडीकडे बघत होता. आधी मला वाटलं तिच्याकडे. पण नाही, तो माझ्या बाजूच्या दाराकडे, जिथे माझे पाय असतील तिथे बघत होता.

अंबड आलं तशी तिनं काच खाली केली. मग म्हणाली, "पाय ओढत गेले काकू. मला काठीचा आवाज येऊन राह्यल्ता."

त्यानंतर आठवड्याभरात असेल, तिचा भाऊ क्लासवर आला. हातात खताच्या गोणीचा तुकडा, त्यात काहीतरी गुंडाळलेलं. तिला म्हणाला, बाबांनी दिलंय. तिनं उघडलं. बाभळीचा ठोकळा होता, घासून घासून गुळगुळीत झालेला, मधे पायाच्या आकाराचा खळगा. ट्यूबची पट्टी मात्र नवी होती, ताजी कापलेली.

"काय म्हणले?" तिनं विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघून चाचरला. मग म्हणाला, "म्हणले, त्या ठेंगण्या बाईच्या क्लचला लावाय सांग. न्हाईतर कुठंतरी जीव घेईल कोणाचा."

क्लासातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. उस्ताद हसली नाही. तिनं त्या खळग्यात अंगठा ठेवला आणि तो फिरवत राहिली. इतकी वर्षं तो ठोकळा घरात कुठेतरी होता. माझं दिलेलं ठेव म्हणणाऱ्या माणसानंही तो टाकला नव्हता.

मग ती बाहेर उभ्या केलेल्या आमच्या गाडीच्या दारात आडवी झाली, अर्धी आत, पाय बाहेर, साडीला धूळ लागत होती तिकडे लक्ष नाही, आणि तिनं स्वतः तो ठोकळा क्लचवर आवळून बांधला. उसाच्या मोळीची गाठ. त्या दिवसापासून मला रस्ताही दिसतो आणि क्लचही पुरतो.

आता ती जालन्यात नाही. ट्रॅक्टरच्या दिवसांतला तिचा अवजड गाड्यांचा परवाना होता, तो कामी आला. संभाजीनगरला शहर बसवर लागली. जायच्या आधी आईचा फोन आला होता. आई म्हणाली, बाबांनी विचारलंय. काय विचारलंय, तर गाडी किती टायरची. सहा, असं हिनं सांगितलं. तिकडे आईनं मागे वळून 'सहा' म्हणून सांगितलेलं हिला फोनवर ऐकू आलं, आणि त्यामागून "बरं" म्हणालेलंही. बोलणं एवढंच. ते सांगायला ती खास आमच्या घरी आली होती, आणि दोनदा सांगितलं.

ती निघताना मी ठोकळ्याची गाठ सोडायला खाली वाकले. म्हटलं, हा तुझा, घेऊन जा. तिनं माझा हात धरला.

"राहू द्या काकू. माझे पाय पुरत्यात आता."

मी रोज सकाळी गाडी काढते. यांना दवाखान्यात नेते, भाजी आणते, कधी उगाचच मोंढ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन येते, चपला घालून. अंगणातून गाडी मागे घेताना हे खांबापाशी जाऊन उभे राहतात. यांना खांब दिसत नाही, म्हणून हे त्यावर एक हात ठेवून उभे राहतात, तो कुठे आहे ते कळावं म्हणून. मी डावा पाय त्या खळग्यात टेकवते, खिडकीतून जमेल तेवढी बाहेर वाकते आणि विचारते.

मग थापेची वाट बघते.